अभियंता दिनाच्या व्यासपीठावर कोण?

आमच्या अभियंता संघटनेच्या तालुका कार्यकारिणीत एकही बाई नाही. एकही कंत्राटी अभियंता नाही. मैलमजूर, मुकादम, मोजणीला टेप धरणारा मदतनीस यांना तर संघटनेच्या बैठकीला कुणी बोलावल्याचं माझ्या पाहण्यात नाही. संघटनेचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण प्रश्न एका संघटनेचा नाही. बारामती आणि इंदापुरात अभियंत्यांच्या आणि ठेकेदारांच्या ज्या ज्या संघटनांच्या कार्यक्रमांना मी आजवर गेले, तिथे खुर्च्यांवर बसलेली मंडळी थोड्याफार फरकाने सारखीच होती. हे बदलायला हवं आणि येत्या १५ सप्टेंबरच्या आत त्याची सुरुवात व्हायला हवी, एवढ्यासाठी हा लेख.

१५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, म्हणून अभियंता दिन. आपल्या भागाने त्यांच्या तसबिरीला हार घालावा हे योग्यच आहे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची ब्लॉक पद्धत नीरा कालव्यावर आली. कालव्याजवळच्या मूठभर गावांनी भरमसाट पाणी घ्यायचं आणि जमिनी चिबड करून बसायचं, हे थांबवून पिकांचे गट पाडायचे, पाळी ठरवायची आणि तेच पाणी जास्त गावांत पोहोचवायचं, असा तो विचार. तसबीर आहे तिथे राहू दे. माझं म्हणणं तसबिरीसमोर कोण बसतं याबद्दल आहे.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी याच दोन तालुक्यांत झाली. सुपे-मोरगावचा जिरायत पट्टा, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडची इंदापूरची गावं, उजनीच्या फुगवट्याला लागून असलेले पळसदेव-भिगवणकडचे रस्ते, हे सगळं पायाखालचं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणलं. सरकारी नोकरीत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या गेल्या आणि त्या दारातून आम्ही काहीजणी बांधकाम विभागात आलो. माझी आई १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या त्या बायकांच्या डोक्यावरून या तालुक्यांतल्या किती तरी तलावांची आणि रस्त्यांची माती गेली आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हा सार्वजनिक बांधकामात बायका नव्या आहेत असं कुणी म्हणू नये. पाटी घेऊन त्या पहिल्यापासून आहेत. मोजमाप पुस्तकावर सही करायला त्या उशिरा आल्या आणि संघटनेच्या कार्यकारिणीत मत द्यायला अजून पोहोचलेल्याच नाहीत.

काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य झाल्या. लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचा पूर्वज. गावोगावचे रस्ते, शाळा, दवाखाने त्याच्याकडे असत. डिसेंबर १९४० मध्ये मुलगा शरद जन्मला आणि काही दिवसांच्या त्या बाळाला घेऊन त्या पुण्याला बोर्डाच्या बैठकीला गेल्या. ही हकिगत शरद पवारांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. आज आमच्या संघटनेच्या बैठकीला तान्हं मूल घेऊन एखादी अभियंता येऊ शकेल का? बैठक असते रात्री आठ-साडेआठला, हायवेवरच्या धाब्याच्या मागच्या हॉलमध्ये. विषयपत्रिका संपता संपता जेवणाची ताटं येतात आणि ताटांच्या आधी बाटल्या. खरं बोलणं तिथेच होतं. बदलीसाठी कुणाचं नाव पुढे करायचं, कोणत्या शाखेत कोण बसणार, सत्काराला कुणाला बोलवायचं, हे सगळं तिथे ठरतं. दुसऱ्या दिवशी आम्हाला कळतं. आणि वर ऐकायला मिळतं, ‘मॅडम लोकांना संघटनेत रस नाही.’

ज्या जिल्हा परिषदेची आम्ही कामं करतो तिथे १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ च्या कायद्याने निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आमच्या अंदाजपत्रकांना मंजुरी देणाऱ्या सभागृहात निम्म्या बायका, आणि ती अंदाजपत्रकं करणाऱ्यांच्या कार्यकारिणीत शून्य. याचा परिणाम कामावर होतो. बायकांच्या तोंडून हिशेब ऐकायची सवयच नसलेले आमचे काही सहकारी सदस्यबाईंनी रस्त्याबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांकडे बघून देतात. फोनही यजमानांनाच करतात. संघटनेत रोज बरोबरीने बसणाऱ्या बायका असत्या तर ही सवय फार पूर्वी सुटली असती.

आता साइटवरची गोष्ट, कारण वर्तमानपत्रात ती क्वचितच येते. कार्पेटचं काम चालू असताना प्लांटवरून हॉटमिक्सचे डंपर एकामागून एक येत असतात. माल थंड व्हायच्या आत पसरून त्यावर रोलर फिरला पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात खडी सुटते. त्यामुळे सकाळी काम सुरू झालं की शाखा अभियंत्याला जागा सोडता येत नाही. पुरुष सहकारी बाभळीच्या आडोशाला जाऊन येतात. आम्ही काय करायचं? माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली साइटचा दिवस असला की सकाळचा चहासुद्धा टाळतात, उन्हात पाण्याची बाटली उघडत नाहीत आणि मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडतात. मी वस्तीवरच्या एखाद्या घराचं दार वाजवायची. त्या घरच्या बाईने कधी नाही म्हटलं नाही, पण एखाद्या खात्याचा कारभार परक्या घरच्या मोरीवर किती वर्षं चालणार? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामावर पिण्याचं पाणी आणि शौचालय देणं मालकावर बंधनकारक केलं, ५० हून अधिक बायका असतील तर पाळणाघरही. त्याच वेळी आलेला १ टक्का उपकर आम्ही ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून न चुकता कापून घेत आलो. उपकर कापला जातो आणि शौचालय दिसत नाही, हा विषय एकाही संघटनेच्या निवेदनात मी वाचलेला नाही. फिरतं शौचालय अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून धरा, एवढी साधी मागणी आहे. ती आली नाही, कारण निवेदन लिहिणाऱ्यांना तिची गरजच कधी पडली नव्हती.

दुसरी गोष्ट टेबलाची. नवी मुलगी रुजू झाली की तिला ‘सोयीचं’ म्हणून अंदाजपत्रक शाखेत बसवतात. त्यात माया असते हे मी नाकारत नाही. पण दहा वर्षं दरसूची चाळून आकडे भरणाऱ्या मुलीला पुलाचा पाया खोदताना खडक कुठे लागला हे पाहायला मिळत नाही. मग उपअभियंतापदाची वेळ आली की ‘मॅडमना फील्डचा अनुभव कमी’ असा शेरा बसतो. केरळच्या पी. के. थ्रेसिया १९४४ मध्ये कोचीन संस्थानच्या बांधकाम खात्यात लागल्या आणि १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. या पदावर पोहोचलेल्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री. माझी आई पाझर तलावावर पाटी उचलत होती त्याच सुमाराला एका राज्याचे रस्ते आणि पूल एक बाई सांभाळत होती, हे मला अभियंता दिनाच्या एकाही भाषणात ऐकायला मिळालं नाही. माझ्या वाचनात ते योगायोगाने आलं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या कॉलेजात, इंदापुरात वनगळीच्या कॉलेजात आज मुली इंजिनिअरिंग शिकत आहेत. त्यांना तरी हे नाव कुणी सांगायला हवं.

कंत्राटी अभियंत्यांचं दुखणं वेगळं आहे. अलीकडे निम्मं काम तीच मुलं ओढतात. कुणी अकरा महिन्यांच्या करारावर, कुणी सल्लागार कंपनीकडून आलेला. पदविका हातात, मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल बहुतेक वेळा स्वतःचं. कामावर वाद झाला, कुणी गचांडी धरली, तर कायम अभियंत्यासाठी संघटना दुसऱ्या दिवशी काळ्या फिती लावते, लेखणी बंद करते, पोलीस ठाण्यापर्यंत जाते. ते योग्यच आहे आणि मी त्या मोर्चांत चालले आहे. पण तोच मार एका कंत्राटी पोराने खाल्ला तेव्हा निषेधाचं साधं पत्रही निघालं नाही, कारण तो ‘आपला सभासद नाही.’ काम आपलं, डाग आपल्या खात्याला, मार मात्र त्याचा एकट्याचा. हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आणि मग मैलमजूर, मुकादम, मस्टरवरच्या बायका. कालेलकर करारामुळे पाच वर्षं सलग काम केलेल्या रोजंदारीवाल्यांना रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर येता आलं, त्यातून कितीतरी घरं उभी राहिली. तो करार कामगार संघटनांनी मिळवला. अभियंत्यांच्या संघटनेने या माणसांकडे आपले म्हणून कधी पाहिलं नाही. वर्ग वेगळा, सेवाशर्ती वेगळ्या, हे तांत्रिक कारण मला माहीत आहे. सेवाशर्तींच्या मागण्या वेगळ्या ठेवा. पण कामाच्या ज्ञानाची चर्चा तरी एकत्र का होत नाही?

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडे एका जिरायत गावाच्या रस्त्याचं काम माझ्याकडे होतं. ओढ्याच्या सखल भागात ९०० मिलिमीटरच्या ह्यूम पाइपची मोरी मंजूर होती. कामावर वडार वस्तीतली एक मावशी होती, दगड रचण्यात हात बसलेली. आखणी चालू असताना ती म्हणाली, ‘बाईसाहेब, पाणी नुसतं हितनं जात न्हाई. वरची ताल फुटली की त्या बांधाकडनं येतं अन् रस्ता कापून जातं.’ मी तिच्याबरोबर बांधापर्यंत चालत गेले. बाभळीच्या बुंध्यांना गुडघ्याच्या वर काडीकचरा अडकलेला होता. जुन्या पुराची खूणच ती. लेव्हल लावून पाहिली तर तिथला उतार खरंच रस्त्याकडे होता. सुधारित अंदाजपत्रक करून त्या जागी एक ओळ पाइप जादा घेतला. मंजुरीला वरच्या कार्यालयात बऱ्याच फेऱ्या झाल्या. पुढच्या परतीच्या पावसात ताल फुटली आणि रस्ता टिकला. त्याच वर्षी संघटनेने पाण्याच्या निचऱ्यावर परिसंवाद घेतला, पाइप कंपनीचा माणूस पुण्याहून बोलायला आला होता, पडद्यावर सुंदर चित्रं होती. मावशी त्या वेळी दोन मैलांवर दुसऱ्या साइटवर दगड लावत होती. तिला अर्धा तास बोलायला दिला असता तर सभागृहाने ऐकलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. विचारायचं कुणाला सुचलं नाही, एवढं मात्र खरं.

वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. दगड आणि माती हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. लहान सरकारी कामांच्या वाटपात ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, असं सूत्र राज्याने घालून दिलं. खऱ्या अर्थाने हे समावेशाचं धोरण आहे. ज्यांच्या हाताला काम आहे त्यांच्याच हाती ठेका यावा, हा त्यामागचा हेतू. पण काही मजूर संस्था मी अशा पाहिल्या की सभासद यादीत मजुरांचे अंगठे आणि चेकवर सही भलत्याचीच. ठेकेदारांच्या संघटनेत या संस्थांचे प्रतिनिधी म्हणून जे येतात त्यांनी आयुष्यात पहार हातात धरलेली नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन दिलं, त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाच्या बरोबरीने सरकारी कंत्राटांचा मुद्दा होता. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि केंद्राचं सार्वजनिक बांधकाम त्याच खात्यात होतं. म्हणजे बांधकाम खात्याच्या ठेक्यांत कोण आहे आणि कोण नाही, हा प्रश्न आपल्याच माणसाने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सरकारदरबारी मांडलेला आहे. अभियंता दिनाला एक वक्ता या विषयावर बोलू दे.

अपंग सहकाऱ्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण इथे बोलण्यापेक्षा मोजणं पुरेसं आहे. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो. जोतं दीड फूट असेल तर रॅम्पची लांबी अठरा फूट हवी. गावोगावच्या इमारतींना आपण सहा-सात फुटांत उरकतो. तो रॅम्प मोटारसायकल चढवायला चांगला, चाकाच्या खुर्चीला निरुपयोगी. आमच्या विभागात पोलिओ झालेले एक आरेखक होते. संघटनेची सर्वसाधारण सभा दरवर्षी पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, लिफ्ट नाही. दोघांच्या खांद्याला धरून ते वर यायचे. मग त्यांनी येणं सोडलं. ते कार्यकारिणीत असते तर आपल्या कुठल्या कुठल्या इमारतींचे रॅम्प पुन्हा मोजले गेले असते याचा हिशेब मी अनेकदा मनात केला आहे.

या सगळ्यावर मला एक उत्तर हमखास मिळतं आणि देणारी माणसं वाईट नाहीत. ‘बाई, कंत्राटी, जात, अपंग असे कप्पे केले तर एकी राहणार नाही. पदोन्नती, वेतनत्रुटी, प्रवास भत्ता या मागण्या एकजुटीनेच मिळतात.’ एकजुटीची किंमत मला कळते. पण आज जी एकी आहे ती हॉलमध्ये बसलेल्यांची आहे. बाहेर राहिलेले या एकीत कधी धरलेच गेले नाहीत. आणि कंत्राटी मुलं सभासद म्हणून आणि महिला अभियंता कार्यकारिणीत आल्या तर मंत्रालयात निवेदन घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढेल, कमी होणार नाही.

बाहेर राहिलेल्यांना आत घेता येतं, याचं पालखी मार्गाचं उदाहरण ताजं आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी वेगळा पदपथ धरला गेला. पाटस, बारामती, इंदापूर असा हा रस्ता, आणि यावरून सणसर, निमगाव केतकीकडे जाणारी दिंडी पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की निम्म्याहून जास्त पावलं बायकांची आणि म्हाताऱ्यांची असतात. रस्ता वापरणाऱ्यांचा विचार आराखड्यात शिरू शकतो, हे इथे दिसलं. आता तो विचार रस्ता बांधणाऱ्यांच्या संघटनेतही शिरायला हवा.

मी ठराव लिहून दिला आहे. संघटनेच्या उपविधीत बदल करून कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश महिला आणि एक जागा कंत्राटी अभियंत्यांना असावी. कंत्राटी अभियंत्यांना सहयोगी सभासदत्व मिळावं आणि कामावर हल्ला झाला तर संघटनेचं संरक्षण कायम अभियंत्याइतकंच मिळावं. सर्वसाधारण सभा तळमजल्यावर, दुपारी, धाब्याऐवजी कार्यालयाच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये, शेजारी एक खोली लहान मुलांसाठी. अभियंता दिनाच्या परिसंवादात दरवर्षी एक मुकादम किंवा मजूर आणि खरोखर काम करणाऱ्या मजूर संस्थेचा एक सभासद वक्ता म्हणून. साइटवरच्या फिरत्या शौचालयाची बाब प्रत्येक अंदाजपत्रकात धरली जावी म्हणून सरकारला निवेदन, ज्यावर सगळ्या कार्यकारिणीच्या सह्या असतील.

निवृत्त सभासदाला मताचा हक्क नाही, म्हणून ठराव मला मांडता येत नाही. सूचक म्हणून बारामती उपविभागातली एक कनिष्ठ अभियंता तयार झाली आहे. अनुमोदकाची सही बाकी आहे. ती एखाद्या पुरुष अभियंत्याने केली तर मला जास्त आनंद होईल.